शाई पुरी, मत निम्मं

दगडूबापूंना कुणी ‘राम राम’ घातला तर ते एकच ‘राम’ म्हणत. दुसऱ्या ‘राम’साठी समोरचा माणूस जरा थांबे. मग बापू म्हणत, “दुसरा दुसऱ्याचा हाय,” आणि चालू लागत.

पिंगळीत नवा आलेला माणूस त्यांना कंजूस समजे. मीही समजलो होतो. मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. पुढे कळलं ते असं. बापूंना दोन मुलगे, थोरला मुंजाजी आणि धाकटा रंगनाथ. दोघांचं पटेना म्हणून घराच्या मधोमध भिंत घातलेली. बापू सकाळी एक ‘राम’ मुंजाजीच्या दारात म्हणत आणि दुसरा रंगनाथच्या. दोघांत मिळून एक राम राम. गावातही तोच हिशेब, एक ‘राम’ भेटेल त्याला, दुसरा पुढच्याला. खाण्याचीही तीच तऱ्हा. निम्मी भाकर या चुलीची, निम्मी त्या चुलीची. पेरू कापताना ते बियासुद्धा वाटून देतील असं गाव म्हणे. “निम्मं निम्मं केलं की कुणाचं त्वांड वाकडं होत न्हाई,” हे त्यांचं शास्त्र.

आज हे लिहायचं कारण, परवा मला संताप आला. दिल्लीत पुन्हा चार पक्षांनी मिळून सरकार बनवलं, आणि टीव्हीवर एक विद्वान पहिल्या निवडणुकीतल्या अडाणी मतदारांचे किस्से सांगत बसला. त्यात मराठवाड्यातला एक म्हातारा होता. त्याने म्हणे मताची चिठ्ठी फाडून निम्मी निम्मी दोन पेट्यांत टाकली. घरातले सगळे हसले. मी उठून बाहेर गेलो. तो म्हातारा म्हणजे आमचे दगडूबापू, आणि ते अडाणी नव्हते. अडाणीपणा कुणाचा होता, ते आता लिहून टाकतो.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मत देणं म्हणजे काय हेच लोकांना शिकवायचं होतं आणि गावात ते काम माझ्याकडे होतं. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चित्र. शिक्का नाही, खूण नाही. हव्या त्या पेटीत चिठ्ठी टाकायची, झालं. शाळेपुढच्या लिंबाखाली दोन रिकामे डबे ठेवून मी हे शिकवत असे. एकावर शिडी काढली होती, एकावर कंदील.

मुंजाजी शिडीवाल्यांचा, रंगनाथ कंदीलवाल्यांचा. दोघांनी बापाला बजावलं होतं, की मत तिकडे गेलं तर या दारात पाय ठेवायचा नाही. हैदराबादच्या विधानसभेची अडचण नव्हती. तिथे उभा राहिलेला माणूस मुलांचा लांबचा मामा, तो दोघांनाही चालत होता. भांडण दिल्लीच्या, म्हणजे लोकसभेच्या चिठ्ठीचं.

एका दुपारी बापू लिंबाखाली आले. तिथे बाजाराला चाललेले परगावचे पाच-सहा जण टेकले होते.

“मास्तर, चिठ्ठी फाडून निम्मी निम्मी दोन्हीत टाकली तर चालंल का?”

मला गंमत सुचली. तरुण होतो, ऐकायला माणसं होती. मी म्हणालो, “चालतंय की बापू. निम्म्याला निम्मं मोजतात.”

माणसं हसली. बापू हसले नाहीत. “बेस झालं,” ते म्हणाले. “गाडीला दोन बैल लागत्यात, सरकारला बी लागतील. बसू द्या दोघांस्नी मिळून.” आणि ते माझ्याकडे अशा विश्वासाने बघून गेले, की त्याच वेळी मी धावत जाऊन सांगायला हवं होतं. मी गेलो नाही. मी डबे उचलून आत ठेवले.

मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडे होतं. बापू धुतलेलं धोतर नेसून आले, पडद्याआड गेले, आणि बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “दिलं. निम्मं निम्मं.”

तालुक्याहून आलेले साहेब खुर्चीवरून उठले. मत बाद झालं म्हणाले, आणि मग ओरडले, “हे कोणत्या गाढवानं शिकवलं तुम्हाला?”

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी शाईच्या बाटलीत पाहत होतो.

“कुणीच न्हाई, साहेब,” बापू म्हणाले. “माझ्याच डोस्क्यातून निघालं.”

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मुलांना वाटलं, म्हाताऱ्याने मुद्दाम दोघांची थट्टा केली. दोन्ही दारं बंद झाली. बापू शेतातल्या खोपीत राहायला गेले.

पण ते गप्प बसणारे नव्हते. बोट वर करून ते रस्त्यात कुणालाही अडवत. “बघा, शाई पुरी लावली. आन् मत निम्मं बी धरलं न्हाई. निम्मी शाई वापस घ्या म्हणावं.” कलेक्टरला दरखास्त द्यायची ठरली, आणि ती लिहायला ते कुणाकडे आले असतील? माझ्याकडेच. मागणी अशी, की दोन्ही पेट्यांतले तुकडे हुडकून खळीने जोडावेत, म्हणजे सबंध मत होतं, आणि ते दोघांना मिळून द्यावं. दिल्लीत एकाच पक्षाचं सरकार बसल्याची बातमी आली तेव्हा ते भयंकर चिडले. “एकल्या बैलाची गाडी हाय ही,” म्हणाले, आणि दुसरी दरखास्त सांगितली. अशा सात दरखास्ती मी सुवाच्य अक्षरात लिहिल्या. ‘मला मास्तरने सांगितले’ हे वाक्य त्यांनी एकीतही सांगितलं नाही. मीही घातलं नाही.

आणि रोज सकाळी ते खोपीतून गावात येत. एका बंद दारापुढे ‘राम’ म्हणत, दुसऱ्या बंद दारापुढे ‘राम’ म्हणत, आणि परत जात. मी शाळेच्या ओट्यावरून बघत असे. माझ्या एका वाक्याने ती दारं उघडली असती. साहेब मला फार तर रागावले असते.

दोन वर्षांनी माझी बदली चारठाण्याला झाली. पिंगळी ठेसनावर पोचवायला बापू एकटेच आले, माझी वळकटी खांद्यावर घेऊन. गाडी दिसू लागली तेव्हा मी एकदाचं बोललो. म्हणालो, बापू, ते निम्म्याचं तुम्हाला मीच सांगितलं होतं.

“मला ठावं न्हाई व्हय?” ते म्हणाले. “मीच तर इचारलं व्हतं.”

“मग साहेबाला का नाही सांगितलं?”

“तुमची नौकरी नवी व्हती.” त्यांनी वळकटी खाली ठेवली. “आन् दोन पोरं आधीच आपसात बोलंनात. तिसऱ्याशी कशाला वाकडं घिऊ?”

पोरांना सांगा, असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर मी गाडी सोडली असती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी डब्यात चढलो.

खिडकीतून म्हणालो, “राम राम, बापू.”

“राम,” ते म्हणाले.

मग त्यांनी फलाटावर इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दुसरं कुणीच नव्हतं. गाडी हलल्यावर त्यांनी मलाच पुन्हा म्हटलं, “राम.”