सात घंटांचा वर्ग

एका जंगलात, बाळांनो, बाकी सगळं होतं. तळं होतं, शाळा होती, शाळेला अध्यक्षही होते. फक्त कुंदाला बसायला जागा नव्हती.

कुंदा म्हणजे शेवंता खवले मांजरीची एकुलती एक लेक. अंगावर छान खवले, डोळे मण्यांसारखे. पण जरा कुठं आवाज झाला की ती स्वतःला गुंडाळून घ्यायची. पार चेंडू. मग हाका मारा, गुदगुल्या करा, नाकाशी वाळवीचा खाऊ धरा, तो चेंडू काही उलगडायचा नाही.

शाळेत तर आवाजच आवाज. माकडांची पोरं पाढे म्हणायची, तेसुद्धा फांदीवर उड्या मारत. पहिल्या पाढ्याला कुंदाचा चेंडू व्हायचा. दुपारी शेवंता तो चेंडू काखेत मारून घरी आणायची. असं वर्ष गेलं.

शेवंताला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. पोरगी पोटात असताना आपण ढगांचा गडगडाट फार ऐकला, त्याचंच हे. शेजारची घोरपड म्हणायची, "दृष्ट काढ गं." शेवंता रोज काढायची. मीठमिरच्या संपत आल्या, पण पोरगी काही सुटेना.

त्या जंगलात एक कासवबाई होत्या. वेगळ्या चालीनं शिकणारी पाच मुलं त्यांच्याकडे होती. वर्ग मात्र नव्हता. करवंदीच्या जाळीमागं सगळी दाटीवाटीनं बसायची.

कासवबाई म्हणाल्या, "शेवंता, मुलीत खोट नाही. तिला वेळ लागतो. मलाही लागतो. मला एक शांत खोली दे आणि खाली मऊ माती दे. बस्स."

"मग उलगडेल ना हो, बाई? नक्की?"

"नक्की म्हणत नाही मी. वाट बघेन म्हणते."

आजवर कुणी एवढंही म्हटलं नव्हतं. शेवंता तशीच उठली आणि अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष होते आप्पासाहेब गवा. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"वहिनी, तुमची मुलगी ती आमची मुलगी. नाव काय तिचं?"

"कुंदा."

"हां. तर मंदासाठी आपण मदतीचा मेळावा घेऊ."

मेळाव्याच्या आधी आठ दिवस वाटावाटांवर फलक लागले. फलकावर आप्पासाहेब हात जोडून उभे. खाली कोपऱ्यात कुंदाचं चित्र होतं. ते फणसासारखं दिसत होतं.

"मुलीला स्टेजवर आणा," निवेदक तरस म्हणाला. "लोकांना दिसली पाहिजे."

"अहो भाऊजी, तिथं ढोल आहेत. ती गुंडाळून घेईल."

"घेऊ दे की! उलगडलेल्या मुलीला बघून कोण मदत करतंय?"

शेवंताला वाटलं, मदत मागायला आपणच आलो, मग नाही कसं म्हणायचं? तिनं लेकीला छातीशी धरलं आणि स्टेजवर चढली. पहिल्या ढोलाला चेंडू झाला. समोरच्या हरणांनी डोळे पुसले. तरसालाही गहिवरून आलं, पण त्याचं तोंडच तसलं, तो हसल्यासारखा दिसला.

मदतीला तोटा पडला नाही, बाळांनो. जंगलाचं मन मोठं होतं. खोली उभी राहिली. खाली गुळगुळीत फरशी बसली. फरशीवर लहान दात्यांची नावं कोरली. सात मोठे दाते होते, त्यांनी एकेक घंटा दिली. घंटेवर नाव फार उठून दिसतं. सगळ्यांत मोठी घंटा आप्पासाहेबांची. ती दारातच टांगली.

"आणि माती?" कासवबाईंनी विचारलं.

"बाई, मातीवर नाव कुठं घालायचं?" आप्पासाहेब म्हणाले.

उद्घाटनाला सातही दात्यांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. मग सातही जणांनी आपापली घंटा वाजवून बघितली. नीट वाजत होत्या.

कुंदा चार दिवस उलगडली नाही.

पाचव्या दिवशी शेवंता वर्गात येऊन भिंतीला टेकली. "बाई, मीच मागायला गेले हो. जाळीमागं निदान शांत तरी होतं."

 कासवबाईंनी हळूहळू कोपऱ्याकडे मान वळवली. तिथं सहा शाली पडल्या होत्या. दात्यांच्या घरी अशा शालींचे ढीग होते, म्हणून ते त्या नारळांसकट तिथंच टाकून गेले होते. आप्पासाहेब तेवढे आपली शाल पांघरून घरी गेले होते.

शेवंता उठली. तिनं सहा घंटांच्या पोटात सहा शाली कोंबल्या. मग बाहेर जाऊन माती उकरली. खवले मांजरीला तेवढं येतंच. फरशीवर तिनं वीतभर माती पसरली. नावं खाली गेली. नारळ मुलांनी खाल्ले.

दोन दिवसांनी चेंडूतून एक नाक बाहेर आलं. मग एक डोळा. शेवंता खिडकीबाहेर उभी राहून बघत होती. तेवढ्यात आप्पासाहेब आले आणि त्यांनी आपली घंटा वाजवली. ठण्ण! डोळा गेला, नाकही गेलं.

आप्पासाहेब रोज येऊ लागले. वर्ग आपला वाटायचा त्यांना.

आता सातवी शाल कुठून आणायची? सत्कार झाल्याशिवाय शाल नाही, आणि काही दिल्याशिवाय सत्कार नाही.

तेवढ्यात आप्पासाहेबांनी नवा मेळावा जाहीर केला. तळ्यातल्या माशांना पोहायला शिकवण्यासाठी वर्ग काढायचा होता. शेवंतानं घरातला वाळवीचा सगळा खाऊ उचलला आणि तो द्यायला गेली.

घोरपड म्हणाली, "अगं, मासे पोहतातच की!"

"पोहोत बापडे," शेवंता म्हणाली. "मला स्टेजवर जायचंय."

आप्पासाहेबांनी तिच्या खांद्यावर शाल घातली. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. ती शाल घेऊन शेवंता पळत वर्गात आली आणि मोठ्या घंटेत कोंबली.

दुसऱ्या दिवशी मुलं मातीवर बसली होती. कुंदाही बसली होती, पूर्ण उलगडून. कासवबाई मातीत एक अक्षर काढत होत्या. ते सकाळपासून चाललं होतं. शेवंता खिडकीशी होती.

आप्पासाहेब आले आणि त्यांनी दोर ओढला. थप्.

पुन्हा ओढला. थप्.

"बाई, आमची घंटा वाजत नाही?" त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दुरुस्तीसाठी मेळावाच घ्यावा लागेल. ढोल सांगतो."

 कासवबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांना बोलायला वेळ लागतो.

कुंदानं आप्पासाहेबांकडे पाहिलं. मग घंटेकडे पाहिलं.

"ठण्," ती हळूच म्हणाली.

वर्गात तिनं काढलेला तो पहिला शब्द.

आप्पासाहेबांचा चेहरा उजळला. "वाजली की!" ते म्हणाले आणि समाधानानं घरी गेले.

तात्पर्य: बाळांनो, मोठं झाल्यावर तुम्हीही दान करा. हवी ती वस्तू द्या, तिच्यावर नाव हवं तेवढं मोठं घाला. फक्त सत्काराची शाल वर्गात विसरून जा. उपयोगी तेवढीच पडते.