मागच्या सीटवरचा माणूस

लग्नाआधी मुलाची कुणी नोकरी बघतं, कुणी घर बघतं. आमची सुजाता त्याला स्कूटरवर मागे बसवून बघते.

विश्रांतवाडीहून खडकवासला, जाऊन-येऊन. चहा तिच्याकडून, हेल्मेट तिच्याकडून, जीव ज्याचा त्याचा. समोरचा माणूस पगार, फ्लॅट वगैरे सांगायला लागला की ती शांतपणे म्हणते, "ते नंतर बघू. आधी बसा."

सुजाता माझी आतेबहीण. एकाच इमारतीत राहतो, ती खालच्या मजल्यावर, आम्ही वरच्या. सरकारी कार्यालयात चांगल्या हुद्द्यावर आहे. चाळिशी मागे पडली आहे आणि आत्या गेल्यापासून घरात एकटी असते. स्कूटर वडिलांची, हाताने गिअर टाकायची. सिग्नलला बंद पडते आणि मनात आलं की सुरू होते. तिचे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत. "आपले तरी कुठे मिळतात," असं सुजाता म्हणते.

तिला एक नाद आहे. एकट्या बायका प्रेम शोधत हिंडतात आणि शेवटी त्यांना ते सापडतं, अशा हलक्याफुलक्या सिनेमांचा. रविवारी दुपारी आमच्याकडे येऊन ती ते बघते आणि माझ्या बायकोला दाखवत बसते. पण बघताना चेहरा असा, जणू ऑडिटला बसली आहे. या बाईला रोज नवे कपडे कसे परवडतात, ही ऑफिसला कधी जाते, असल्या शंका. शेवटी नायक धावत विमानतळावर पोहोचतो, तेव्हा तर तिला राहवतच नाही. "वहिनी, आपल्याकडून विमानतळ किती जवळ आहे बघा. अजून कुणी आलेलं नाही."

माणूस मागे बसला की पुढचं कळतं, हा तिचा सिद्धान्त. पहिली चाचणी तिने माझ्यावर घेतली होती, मोजमाप ठरवायला म्हणून. संगमवाडीपर्यंतच मी नापास झालो. माझा उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत होता. "तुझं लग्न आधीच झालंय म्हणून वाचलास, दादा," ती म्हणाली. तेव्हापासून पुष्कळ लोक बसून उतरले. एकाने प्रत्येक खड्ड्याला "बघून, बघून" म्हटलं. एकजण वाटभर फोनवर आईला आपण कुठे पोहोचलो ते सांगत होता. एक बँकवाले गृहस्थ बाईच्या मागे बसायला लाजले आणि रिक्षाने मागून आले. त्यांना तिने चहासुद्धा पाजला नाही.

या स्वाऱ्यांमध्ये माझं काम एकच. माझ्या गाडीवरून मागे राहायचं, पण दिसायचं नाही. पुण्याच्या वाहतुकीत हे कसं जमवायचं ते तिने कधी सांगितलं नाही. अनोळखी माणसाबरोबर एकटीने जाताना आपला कुणीतरी मागे असावा, एवढाच हेतू. पण मी मुळात चिंता करणारा माणूस. गॅस बंद केला का ते बघायला जिन्यातून परत जाणारा. तिच्या प्रत्येक स्वारीत माझं रक्तदाब मोजायचं वय मला आठवत असे.

या वेळी काळजी जास्त होती. निघायच्या आधी सुजाता वर आली होती. साडी तिसऱ्यांदा बदललेली, हे बायकोने मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "हे शेवटचे, दादा. यानंतर मी कुणाला बसवणार नाही. दमले." मी नेहमीप्रमाणे असं बोलू नये वगैरे म्हटलं. ती हसली नाही. त्यावरून मी ओळखलं की हा माणूस तिला आवडलेला आहे.

गजभिये त्यांचं नाव. मूळचे नागपूरकडचे, चाकणला कारखान्यात नोकरी, बायको काही वर्षांपूर्वी गेलेली. सडसडीत आणि कमी बोलणारे. तिने "आधी बसा" म्हटल्यावर ते "बरं जी" म्हणून बसलेसुद्धा. बॅग आणि फोन तिने पुढच्या डिकीत टाकला आणि आमची मिरवणूक निघाली. मी पाहत होतो. माणूस हलत नव्हता, सूचना देत नव्हता, ब्रेक दाबत नव्हता. मला आनंद होण्याऐवजी धडकी भरली. इतकं चांगलं चाललं की माझा विश्वासच बसत नाही.

स्वारगेटला सिग्नल लागला. मी पाच-सहा गाड्या मागे. हिरवा दिवा झाला, तिची स्कूटर बंद पडली, मागून हॉर्न सुरू झाले. मधे एक बस आडवी आली. बस हलली तेव्हा सुजाता भरधाव पुढे निघालेली दिसली आणि चौकात, डोक्यावर तिने दिलेलं हेल्मेट घालून, गजभिये एकटेच उभे होते.

मी गाडी त्यांच्यापाशी नेली. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, मी सहज इकडून चाललो होतो.

"विश्रांतवाडीपासून मागे आहात ना जी," ते म्हणाले. "आरशात दिसत होते."

झालं होतं असं, की स्कूटर बंद पडल्यावर ते काही न बोलता उतरले आणि त्यांनी मागून धक्का दिला. त्या धक्क्याने इंजिन पेटलं. आपली किकच लागली असं समजून, हॉर्नच्या गदारोळात, सुजाता निघून गेली. "चालू मस्त झाली पण," ते म्हणाले आणि माझ्या मागे बसले.

मी तिला फोन लावत होतो, पण गाडी चालवताना ती घेत नाही. सिंहगड रस्ताभर माझ्या डोक्यात एकच विचार. तिला मधेच कळलं, तर ती काय समजेल? माणूस सिग्नलला उतरून पळून गेला, असंच ना? बँकवाला निदान रिक्षाने तरी आला होता.

खडकवासल्याला धरणापाशी ती कठड्याला टेकून उभी होती, हेल्मेट हातात. गजभियांनी लांबूनच नमस्कार केला. खरं तर त्या दोघांमध्ये नको होतो तो मी, पण तेच चहा आणतो म्हणून टपरीकडे गेले. मी घाईघाईने धक्क्याची सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं, आता ती हसेल.

"स्वारगेटलाच?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"मी तिथून इथपर्यंत बोलत होते, दादा."

वाऱ्यामुळे उत्तर ऐकू येत नसेल असं तिला वाटलं होतं. आज गाडी छान पळतेय, तुम्ही किती हलके बसता, असंही ती त्यांना म्हणाली होती. कुणी मधे बोलत नाही म्हटल्यावर ती सांगतच सुटली. काय सांगितलंस, असं मी विचारायला नको होतं. पाण्याकडे बघत ती म्हणाली,

"ताप आला की मी रात्री दाराला कडी लावत नाही. काही झालं तर तुला दार तोडावं लागू नये म्हणून. हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही."

मी तिच्या डोक्यावर राहतो. रोज वर्तमानपत्र तिच्याकडून वाचून झाल्यावर माझ्याकडे येतं.

गजभिये चहा घेऊन आले. त्यांनी तिला विचारलं, "रस्त्यात काही बोलल्या का तुम्ही? मी नव्हतो जी."

"नाही," सुजाता म्हणाली. "विशेष काही नाही."

चहा पिऊन झाला. गेलं, मला वाटलं. असलं काही माणूस एकदाच बोलतो, आणि ते हिने सिंहगड रस्त्याला सांगून टाकलं.

परत निघालो. आता लपण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी सरळ त्यांच्या मागोमागच होतो. पहिल्या सिग्नलला सुजाताचा डावा हात हँडलवरून सुटला, मागे गेला, गजभियांच्या गुडघ्याला लागला आणि परत आला. दुसऱ्या सिग्नलला पुन्हा तेच. माणूस आहे की नाही, एवढंच चाचपून बघत होती.

स्वारगेटला लाल दिवा लागला. तिने हेल्मेटची काच वर केली, मान मागे वळवली आणि काहीतरी बोलायला लागली. गजभिये पुढे वाकले. दिवा हिरवा झाला तरी ती बोलतच होती, ते ऐकतच होते. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. माझाही अंगठा सवयीने हॉर्नवर गेला होता. तो मी काढून घेतला, गाडी जरा तिरपी करून त्यांच्या मागे आडवी लावली आणि मागच्या लोकांच्या शिव्या खात उभा राहिलो.