आधी संपणारं पुढे

पुडीला डिग्रीला प्रवेश मिळाला नाही. डिप्लोमालाही मिळाला नाही. मात्र असं काही घडलंच नाही, हे त्या घरात एकमताने ठरलेलं आहे. त्यामुळे वाचकांनीही वरची दोन वाक्यं वाचली नाहीत असं समजावं आणि सगळं काही अजून मुदतीत होतं त्या सकाळपासून सुरुवात करावी.

त्या सकाळी दोन पाकिटं आली. पुडीच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं आणि घर दुकानाच्या वरच, त्यामुळे घरचं टपाल कायम दुकानातच यायचं. एका पाकिटात फार्मसीच्या डिप्लोमाचं प्रवेशपत्र होतं, दुसऱ्यात फार्मसीच्या डिग्रीचं. मजकूर दोन्हींत सारखाच. पालकाने सही करावी, अंतिम मुदतीच्या आत कॉलेजात आणून द्यावं, नंतर कोणतीही सबब ऐकली जाणार नाही. पुडी जन्मली तेव्हा इतकी लहान होती, की 'ही तर पुडीत बांधून नेता येईल' असं बाबा म्हणाले होते. ते नाव शाळा संपली तरी सुटलं नव्हतं.

बाबांनी दोन्ही पाकिटं आधी उजेडात धरली, मग हलवून पाहिली. खरं तर आत कागद होता, पण हाताची सवय. मग लाल पेनाने दोन्हींवर ठळक अक्षरांत अंतिम तारखा लिहिल्या आणि पाकिटं काउंटरमागच्या फळीवर, खोकल्याच्या बाटल्यांशेजारी उभी केली. डिप्लोमा पुढे, डिग्री मागे.

"डिप्लोमा पुढे का?" आईने विचारलं.

"त्याची मुदत आधी संपते. आधी संपणारं पुढे. दुकानाचा नियम आहे."

"अहो, मुलगी आहे ती. खोकल्याचं औषध नाही."

"नियम सगळ्यांना सारखा," बाबा म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

नियम सारखा होता हे खरं, पण त्यामागे काकांचे गुडघेही होते. बाबांना औषधांतलं सगळं येत होतं, फक्त येतं असा कागद त्यांच्याकडे नव्हता. तो कागद काकांकडे होता. काका नात्यातले कुणी नव्हते. त्यांचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत भिंतीवर लटकत असे आणि कायद्याप्रमाणे ते स्वतः त्याच्या बरोबर खाली बसत. सकाळी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तपासून झाल्या की त्यांचे डोळे मिटत. नव्या गिऱ्हाइकांना ते चौकटीचाच खालचा भाग वाटत. आता काकांचे गुडघे बोलायला लागले होते आणि त्यांना लेकीकडे जाऊन राहायचं होतं. त्यांच्या जागी दुसरं प्रमाणपत्र लटकेपर्यंत ते थांबणार होते, कारण ते उठले की दुकानाचं शटर खाली.

"दोन वर्षं काढतो मी, पुडे," काका म्हणायचे. "डिप्लोमा झाला की तू इथे बस, मी सुटलो. चार वर्षंसुद्धा काढीन म्हणा. पण गुडघे माझे नोकर नाहीत."

पुडीला डिग्री हवी होती. लहानपणी ती ब्लेडने गोळ्या मधोमध कापून बघायची. बाहेरून गुलाबी, पिवळी, निळी काहीही असो, आत पांढरंच निघायचं. "हे पांढरं कोण ठरवतं?" तिने एकदा बाबांना विचारलं होतं. "कंपनी," बाबा म्हणाले होते, आणि गोळ्या कापल्याबद्दल तिचा कान धरला होता. ते ठरवणाऱ्यांच्या खोलीत आपण असावं असं तिला तेव्हापासून वाटत होतं. पण काका खुर्चीतून उठताना 'आई गं' म्हणायचे, आणि ते ऐकून पुडीच्या तोंडून डिग्री हा शब्द निघेना. म्हणून बाबांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही ठरवाल ते." आईने वेगळं गाठून विचारलं तेव्हाही म्हणाली, "तू ठरवशील ते." दोघांनाही वाटलं, पोरगी आपल्या बाजूची आहे.

दुपारी बाबा वर जेवायला जात आणि आई काउंटरवर बसे. बाबा खाली येत तेव्हा फळीवर डिग्री पुढे आलेली असे. बाटल्या पुसायच्या निमित्ताने ते डिप्लोमा पुढे घेत. संध्याकाळी आई चहा घेऊन येई, कप ठेवता ठेवता तिचा पदर पाकिटांना लागे आणि पदर निघाला की डिग्री पुढे. पाकिटांवर एक शब्दही खर्च झाला नाही. पुडी जिन्यावरून वाकून फळीकडे बघे आणि शेवटचं कोण खाली होतं ते ओळखे.

ही लढाई गिऱ्हाइकांना दिसायला वेळ लागला नाही. रक्तदाबाची गोळी न्यायला येणारे निवृत्त मास्तर चष्मा वर करून म्हणाले, "काल डिग्री पुढे होती."

"ती चुकून," बाबा म्हणाले.

"परवाही होती."

"तीही चुकून."

"चुकून नाही," मागून आई म्हणाली. "मास्तर, तुम्हीच सांगा. मुलीने गोळी बनवावी, की जन्मभर गोळ्यांची पाकिटं मोजावीत?"

मास्तरांना इतकी वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं. ते स्टुलावर बसले. "दोन्ही होईल," ते म्हणाले. "आधी डिप्लोमा करायचा. मग थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला बसायचं. मधल्या वेळात दुकान चालू, काका मोकळे."

रांगेतल्या एका बाईंनी मान डोलावली. बाबांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी तजेला दिसला. काकांनी झोपेतच "वा" म्हटलं.

"काउंटरवर बसलेलं माणूस पुन्हा उठतं का?" आईने विचारलं. "मला विचारा. लग्नानंतर हे म्हणाले, मी जरा जेवून येतो, तोवर बस."

"मग?" मास्तर म्हणाले.

"अजून जेवतायत."

त्यानंतर रांगेचे दोन भाग पडले. तापवाले डिप्लोमाकडे झुकले, कारण त्यांना सगळं लवकर हवं होतं. मधुमेहवाले डिग्रीकडे, कारण त्यांना जन्मभराचा विचार करायची सवय होती. एक गृहस्थ खोकल्याच्या बाटलीसाठी आले होते. ते वादात पडले आणि बाटली न घेताच गेले. दुसऱ्या दिवशी सांगायला आले, की बोलून बोलून खोकला बसला. बाबांनी त्यांना गंभीरपणे काळजी घ्यायला सांगितलं.

अशात माल परतीचा दिवस आला.

मुदत संपलेली औषधं फळीवर राहू नयेत म्हणून दुकानदार ती वेळेवर बाजूला काढतात आणि घाऊक विक्रेत्याकडे परत पाठवतात. तो ती घेतो आणि बदल्यात ताज्या तारखेचा माल देतो. कधी लवकर देतो, कधी रडवून देतो, पण देतो. त्या दुकानात हे काम काकांचं होतं, आणि हे एकच काम ते दोन्ही डोळे उघडे ठेवून करत. ते उठले, 'आई गं' म्हणाले आणि भिंग घेऊन फळीपासून फळीकडे सरकू लागले. बाबा वर जेवत होते. आई काउंटरवर होती आणि मास्तरांशी डिग्रीच्या बाजूने लढत होती. काका खोकल्याच्या बाटल्यांपाशी आले. तिथे लाल अक्षरांत दोन तारखा होत्या. दोन्ही अगदी टेकलेल्या. आतला माल बघायचा नसतो, तारीख बघायची असते. काकांनी दोन्ही नग उचलून खोक्यात टाकले, खोक्याला चिकटपट्टी लावली आणि घाऊकवाल्याच्या माणसाच्या हवाली केलं. मग खुर्चीत बसून डोळे मिटले. त्यांना कर्तव्य केल्याची गाढ झोप लागली.

बाबा जेवून आले. फळीवर पाकिटं नव्हती. त्यांनी काउंटरवरच्या बायकोकडे पाहिलं. ती मास्तरांना हरवून नुकतीच मोकळी झाली होती, त्यामुळे तिच्या तोंडावर विजय होता. बाबांना सगळं समजलं. तिने सही करून डिग्रीचं पाकीट पाठवून दिलं होतं आणि डिप्लोमाचं फेकून दिलं होतं. माणसाने हरावं तर नीट हरावं, असं त्यांना वाटलं. त्यांनी कापड घेतलं आणि बाटल्या खरोखरच पुसल्या.

चहाच्या वेळी आई खाली आली. तिने फळीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या त्या शांत चेहऱ्याकडे. इतका शांत माणूस, म्हणजे याने डिप्लोमाचं पाकीट देऊन टाकलेलं आहे. मास्तरांना हरवल्याच्या आनंदात तिने चहात रोजच्यापेक्षा जास्त साखर घातली होती, ती आता परत काढता येत नव्हती.

"चांगला झालाय चहा," बाबा म्हणाले.

"घ्या अजून," आई म्हणाली.

इतकं सभ्य बोलणं त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. पुडीने ते जिन्यावरून ऐकलं आणि ओळखलं, की दोघांनी मिळून ठरवलं. काय ठरवलं ते तिने विचारलं नाही. दोघांनीही तिला सांगितलं नाही, कारण सांगणं हे जिंकलेल्याचं काम होतं आणि जिंकलं कुणीच नव्हतं.

पुढचे दिवस घरात दुखवटा असल्यासारखे गेले, फक्त सगळे एकमेकांशी फार चांगले वागत होते. बाबांनी पुडीसाठी प्रयोगशाळेचा पांढरा कोट आणला. कोट दोन्हीकडे लागतो. आईने तो हातात घेऊन पाहिला आणि "छान आहे" म्हणून डोळ्यांना पदर लावला. मग तिने एक दप्तर आणलं. दप्तरही दोन्हीकडे लागतं. मास्तरांनी "काय ठरलं?" म्हणून विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "हिच्या मनासारखं झालं," आणि आईने सांगितलं, "यांच्या मनासारखं झालं." मास्तर बराच वेळ स्टुलावर बसून राहिले आणि गोळी आत्ताच घेऊ का, असं विचारू लागले.

डिप्लोमाची मुदत गेली. मग डिग्रीची गेली.

आणि परतीचं खोकं परत आलं. घाऊकवाल्याने सगळा माल ठेवून घेतला होता, फक्त दोन नग धाडले होते. दोन्हींवर त्याचा शिक्का होता : 'आमचा माल नाही. बदलून मिळणार नाही.'

खोकं पुडीने उघडलं. आई आली. बाबा आले. तिघं खोक्याभोवती उभी राहिली.

"तुम्ही दिलं नव्हतंत?" आई म्हणाली.

"मला वाटलं तू दिलंस."

"मी कशाला डिप्लोमा देईन?"

"डिप्लोमा नाही गं, डिग्री!"

मग दोघांनी एकदमच काकांच्या खुर्चीकडे पाहिलं. काका जागे होते. काम नसताना हे पहिल्यांदाच घडत होतं.

"लाल अक्षरांत तारीख होती," काका म्हणाले. "संपत आलेली. मी नियमाने वागलो, मालक."

नियम बाबांचाच होता.

"पुडे," ते शेवटी म्हणाले, "इतके दिवस तुला काय वाटत होतं? कुठलं दिलंय?"

पुडीने खोक्यात बघितलं. "डिग्री," ती म्हणाली. "म्हणून तर विचारलं नाही. विचारलं असतं आणि डिप्लोमा निघाला असता तर?"

बाहेर गिऱ्हाईक उभं होतं. त्याला कुणी काय हवं ते विचारलं नाही. बाबा पांढऱ्या कोटाच्या घडीकडे बघत राहिले. गोळ्या कापल्याबद्दल आपण हिचा कान धरला होता, तो नेमका कुठला, डावा की उजवा, हे त्यांना आठवेना.

"म्हणजे हे वर्ष गेलं, आणि पुढे चार," आई हळू म्हणाली, आणि तिघांनी काकांच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

काकाही तिकडेच बघत होते. "माझ्याच हाताने माझी मुदत वाढवून घेतली की मी," ते म्हणाले. "बसतो. खुर्चीला गादी तेवढी घाला."

"आणि गुडघे?" पुडीने विचारलं.

"त्यांना इतक्यात सांगू नका."

त्याच दुपारी बाबांनी दुकानाचा छापील कागद घेतला. सरकारदरबारी लिहायची एकच पद्धत त्यांना येत होती, तिच्यात त्यांनी लिहिलं. खाली काकांनी पात्र व्यक्ती म्हणून सही केली. आईने शिक्का मारला. पाकीट चिकटवायचं काम पुडीकडे आलं. तिने ते चिकटवण्याआधी वाचलं, शेवटच्या ओळीपाशी थांबली, आणि मग चिकटवायला तिला बराच वेळ लागला.

प्रति,
मा. प्रवेश अधिकारी,

विषय : मुदतबाह्य झालेला प्रवेश बदलून मिळणेबाबत.

महोदय,

आपणाकडून प्राप्त झालेला डिग्रीचा प्रवेश, एक नग, आमच्या ताब्यात असताना मुदतबाह्य झाला आहे. सदर नग वापरलेला नाही. तो थंड व कोरड्या जागी, मुलीच्या हाती लागणार नाही असा ठेवण्यात आला होता, ही चूक आमची आहे. तरी व्यापारातील प्रथेप्रमाणे सदर नग परत घेऊन त्याऐवजी ताज्या तारखेचा नग चालू वर्षातच देण्यात यावा, ही नम्र विनंती.

सोबत डिप्लोमाचाही एक नग परत पाठवीत आहोत. त्याच्या बदल्यात काही नको.