आधी जीभ दाखव

२ डिसेंबर. ऊन, पण ईशान्येचा वारा. बोट बंद.

आईचा उजवा पाय सुजलेला, आणि आमच्या बेटावरून माकुंग शहरातल्या इस्पितळात जायला बोट नाही. तेव्हा मी ठरवलं, डॉक्टरांनाच टॅबलेटवर बोलवायचं. (आरोग्य केंद्रानं दिलेला हा टॅबलेट आईनं खाऱ्या मासळीच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवला होता.)

"जो माझी नाडी धरत नाही, त्याला पाय कशाला दाखवू?" आई म्हणाली. "उद्या म्हणशील, फोटोतल्या मासळीचं कालवण कर! वारा पडू दे, मग बोटीनं जाईन."

"शेजारच्या आजीही 'वारा पडू दे' म्हणत होत्या," मी म्हणालो. " वारा पडला, पण आजी राहिल्या नाहीत."

आईनं पाय पुढे केला. मोजा मात्र काढेना.

विश्वास बसावा म्हणून रक्तदाबाचा पट्टा आधी मी माझ्याच दंडाला बांधला. "बघ, दुखत नाही." (आकडा आपोआप डॉक्टरांकडे जातो, हे मला ठाऊक नव्हतं.)

पडद्यावर डॉक्टर छाय उगवले ते ओरडतच. "आजी, एकशे ब्याण्णव! हलू नका! हेलिकॉप्टर मागवतो!"

"बघ आ-युआन! तोंड न बघताच मला उचलायला निघाला!" आई मला म्हणाली.

"डॉक्टर, तो दंड... आईचा नव्हता."

"मग कोणाचा?"

"आधी आईंचं बघा," बायको शिउ-चिन म्हणाली. "हे कुठे पळतात? बोट बंद आहे."

आई पडद्याजवळ सरकली. "ए डॉक्टर, आधी तू जीभ दाखव."

मागे नर्स उभी असताना त्या भल्या माणसानं जीभ काढली.

"पांढरी पडलीय. झोप नाही, गरम जेवण नाही. खरं ना?"

"खरं आहे, आजी. दोन दिवस बिस्किटांवर आहे."

"हा खोटं बोलत नाही," असं मला सांगून आईनं मोजा काढला. मी सकाळपासून यंत्राचे गुण सांगत होतो. तिला पलीकडच्या माणसाची जीभ बघायची होती.

टाचेला खोल चीर होती, भोवती लाल.

"शिंपले काढायला गेला होतात?"

"वारा जरा पडला होता, म्हणून," आई पुटपुटली. मला तिनं 'उंबरठा लागला' असं सांगितलं होतं.

केंद्रातल्या नर्सनं जखम धुऊन गोळ्या दिल्या. ५ डिसेंबर. चौथ्या दिवशी सूज उतरली आणि बोटही सुटली. आईनं डॉक्टरांसाठी काढ्याची बाटली पाठवली. ती मांडीवर घेऊन मी माझ्या एकशे ब्याण्णवासाठी इस्पितळात भरती झालो.