सायकलीचा इमाम-जामिन

रविवारी पहाटे पाच वाजून सतरा मिनिटांनी मी एक बारीकशी चूक केली. वेळ एवढी पक्की ठाऊक आहे, कारण चूक मी मोबाईलच्या उजेडातच केली. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात हिरव्या कापडाची चिंधी, चिंधीत बांधलेला रुपया, आणि पुढ्यात माझ्या पोरीची सायकल.

आधी भीतीचं सांगून टाकते. मला सगळ्याचीच भीती वाटते. कुकरची शिट्टी झाली नाही तर भीती, झाली तर जास्त भीती. (आमचे हे म्हणतात, तुला कुणी 'घाबरू नको' म्हटलं तरी तू दचकतेस. खोटं नाही.)

आमचे हे, म्हणजे दिलावर, भोरच्या सायकल क्लबात आहेत. क्लब म्हणजे आठ माणसं, त्यातली चार पोट कमी करायला आलेली. म्होरके उपेंद्र सर, हायस्कूलला गणित शिकवतात. त्यांनी ठरवलं, रविवारी भोंगवलीच्या जत्रेला सायकलवर जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. आमच्या ह्यांनी मला न विचारता सांगून टाकलं, "आमची हीनापण येणार."

हीना बारा वर्षांची. यंदा सातवीत आहे. वाटेत कापूरहोळला हायवे लागतो. मी म्हटलं, "हायवे!" हे म्हणाले, "व्हय, हायवे. वाघ न्हाई."

मी नाही म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. पण मीही सातवीच शिकलेली. माझं माहेर गुंजवण्याकडचं. आठवीची शाळा लांब होती, सायकलनं जावं लागायचं, आणि माझ्या अम्मीला भीती वाटली. तिथंच माझी शाळा संपली. म्हणून 'नाही' गिळलं आणि त्याऐवजी इमाम-जामिन शिवायला घेतला. आमच्यात प्रवासाला निघालेल्या माणसाच्या दंडावर कापडात नाणं बांधतात. माणूस सुखरूप पोचलं की ते नाणं गरिबाला द्यायचं.

हीनानं दंड पुढं केलाच नाही. "अम्मी, क्लबचा टी-शर्ट आहे. सगळे विचारतील, हे काय म्हणून."

मग मी सासूबाईंना विचारलं, "अम्मा, सायकलीला बांधला तर चालंल का?"

"सायकल काय हजला चाललीय?" सासूबाई गुलजारबी म्हणाल्या. "दंडाला बांध, न्हाईतर बांधूच नको."

सासूबाईंचं मी सहसा ऐकते. त्या पहाटे ऐकलं नाही. सीटखालच्या स्प्रिंगला चिंधी बांधली. कुणाला दिसायला नको म्हणून आत खोचली.

सहा वाजता सगळे निघाले. साडेसहाला मी ह्यांना फोन केला. उचलला नाही. परत केला. मग उपेंद्र सरांना केला. तेही नाही. चहा दोनदा उतू गेला. सात वाजेपर्यंत माझ्या डोक्यात हायवे, ट्रक, दवाखाना, सगळं होऊन गेलं होतं. माझे जेवणाचे डबेसुद्धा भरून झाले होते, दवाखान्यात न्यायचे.

सव्वासातला समोर शेजारच्या कुंडलिकचा टेम्पो दिसला. चुरमुऱ्याची पोती भरलेली, जत्रेत भेळ विकायला निघालेला. मी पळत जाऊन पुढं बसले.

"अगं, चपला तरी बघून घाल!" मागून सासूबाई ओरडल्या.

बघायला वेळ कुणाला होता? टेम्पो निघाल्यावर कळलं. उजवी चप्पल माझी होती, डावी ह्यांची.

"जोरात घे रे," मी म्हणाले.

"वहिनी, चुरमुरं हायती. जोरात घेतलं की उडत्यात."

कापूरहोळच्या थोडं अलीकडं रस्त्याच्या कडेला मला ती दिसली. हीनाची सायकल. उलटी. दोन्ही चाकं आभाळाकडं, आणि मागचं चाक अजून फिरत होतं. भोवती क्लबचे लोक गोल करून, माना खाली घालून उभे. कुणी बोलत नव्हतं. उपेंद्र सरांनी हेल्मेट काढून छातीशी धरलं होतं.

पोरगी त्या गोलाच्या आत होती, खाली, आणि मी तिला पाठवली होती.

"थांबव!"

"वहिनी, थांबतोय, थांबतोय... अहो, वहिनी!"

मी उतरले. टेम्पो अजून थांबायचा होता. ह्यांची चप्पल एकीकडं गेली, मी दुसरीकडं, आणि पाय मुरगळून तोंडावर आले. डोळे उघडले तेव्हा नाकासमोर दोन बूट होते. हीनाचे. त्यात हीना उभी होती, हातात वडापाव.

"अम्मी? तू हितं काय करतीस?"

मी तिचे दोन्ही पाय घट्ट धरले आणि रडायला लागले.

"वहिनी, शांत व्हा," उपेंद्र सर धावत आले. "कुणाला काही झालेलं नाही. मागच्या चाकातून टकटक आवाज येतोय. सरळ केली की वाजते, उलटी केली की गप्प. अर्धा तास ऐकतोय सगळे."

"मग फोन? फोन का न्हाई उचलत?"

"फोन सगळ्यांचे माझ्या बॅगेत, आवाज बंद करून. सायकल चालवताना फोन नाही, क्लबचा नियम आहे. मला वाटतं बेअरिंग असावं."

"बेअरिंग न्हाई सर, चेन हाय," आमचे हे म्हणाले.

"अब्बा, तुमी सगळे चाकातच बघताय," हीना म्हणाली. तिनं सीटच्या स्प्रिंगमध्ये बोट घातलं आणि हिरवी चिंधी बाहेर ओढली. खड्ड्यांनी सैल होऊन लोंबत होती. सायकल सरळ केली की रुपया चाकाच्या तारांवर आपटत होता.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कुंडलिककडं पाहिलं. कुंडलिकनं आभाळाकडं पाहिलं.

आमचे हे लालबुंद झाले. "एवढी भीती वाटती ना? मग ने परत. हीना, टाक सायकल टेम्पोत."

हीना वडापाव तसाच धरून माझ्याकडं बघत राहिली. खरं सांगते, टेम्पोत जागा होती. तिला शेजारी बसवून घरी नेलं असतं तर त्या दिवशी मी पोटभर जेवले असते. पण ती बघत होती ना, तशीच मी एकदा माझ्या अम्मीकडं बघत उभी होते.

"न्हाई," मी म्हणाले. "जाऊ दे तिला. फक्त हायवे हात धरून वलांडा."

"सायकलीवर हात कसा धरायचा?"

"मग ढकलत न्या!"

क्लबची औषधाची पेटी नवी कोरी होती. कुणी पडतच नसल्यानं उघडलीच नव्हती. चार जणांनी मोठ्या उत्साहानं माझ्या पायाला बँडेज गुंडाळलं. हीनानं चिंधी माझ्या दंडावर बांधली. "अम्मी, तुझाच प्रवास धोक्याचा आहे."

ते हायवेकडं निघाले. मी डोळे गच्च मिटले. कुंडलिक सांगत होता, "आली... थांबली... सरांनी हात केला... मधी हाय... मधीच हाय वहिनी... गेली! गेली पार!" तेव्हा मी श्वास घेतला. कुंडलिकनं आधी मला घरी सोडलं, मग तो जत्रेला गेला.

संध्याकाळी सगळे परत आले. हीनानं माझ्यासाठी जत्रेतल्या बांगड्या आणल्या. क्लबच्या ग्रुपवर सरांनी टाकलं, 'सायकली नऊ. सर्व सुखरूप. जखमी एक, सायकल नसलेली.' सासूबाई एवढंच म्हणाल्या, "म्या दंडालाच बांध म्हटलं हुतं." रुपया अजून दिलेला नाही. हीना म्हणते, तू नीट चालायला लागलीस की देऊ.

तर तुमच्या ओळखीत माझ्यासारखी कुणी घाबरट आई असेल, तर तिला एवढं जरूर कळवा. पोरीला जाऊ दे, चिंधी दंडालाच बांध, आणि टेम्पो थांबल्यावर उतर. माझं नाव सांगू नका. आणि कापूरहोळच्या अलीकडं कुणाला पुरुषाची डावी चप्पल दिसली, तर मात्र ह्यांचं नाव सांगून भोरला निरोप द्या. आमचे हे रोज विचारतात.