धुळा, नग एक

संकटात सापडलेल्या माणसाची हाक कुणाला तरी ऐकू गेली पाहिजे, याबद्दल जगातल्या सर्व सरकारांचं एकमत आहे. ती नेमकी कुणी ऐकायची, हे ठरवायला मात्र वेगळं खातं लागतं. समुद्रापलीकडच्या एका देशाने (नाव सांगत नाही, त्यांची ऑर्डर अजून चालू आहे) हा प्रश्न नियमाने सोडवला आहे. तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीत एक यंत्र लागतं. गाडी धडकली की त्याने आपण होऊन मदत केंद्राला फोन लावायचा, गाडी कुठे आहे ते कळवायचं आणि आतल्या माणसाचा आवाज पलीकडे स्वच्छ पोचवायचा. नियमाची पानं दोनशे बारा. धडकल्यावर माणसाने काय करावं, हे त्यात एका ओळीत उरकलं आहे: शांत राहावं.

पलूसजवळ लालासाहेबांचा छोट्या गाड्यांचा कारखाना आहे. तिथे त्या देशासाठी चाळीस गाड्या तयार उभ्या होत्या. यंत्राचं प्रमाणपत्र मिळालं नाही तर त्या बोटीवर चढणार नव्हत्या, आणि त्या चढल्या नाहीत तर चौसष्ट कामगारांनी दिवाळीनंतर यायचं नाही, असं लालासाहेबांनी सांगितलं. (शांत राहून सांगितलं. त्यांनी नियम वाचला होता.)

चाचणी घ्यायला परदेशी साहेब आले. संधी तीनच. कारखान्याची इंजिनिअर संयोगिता, विश्रामबागेतली हुशार मुलगी, तिने फिटर नाथाजीला जखमी म्हणून आत बसवलं. गाडी बेतानेच भिंतीवर धडकली, यंत्राने फोन लावला, केंद्रावरच्या बाईंनी विचारलं, काही लागलंय का? नाथाजी म्हणाला, "न्हाई वो, बरं हाय. तुमच्याकडं पाऊसपाणी?" (आमच्या भागात विचारपूस झाली की हेच उत्तर देतात. माणूस दवाखान्यात सलाइन लावून पडलेला असला तरी फरक पडत नाही.) साहेबांनी वहीत लिहिलं: जखमी व्यक्ती मदत नाकारते. नापास.

दुसऱ्या वेळी नाथाजीला कण्हायला सांगितलं. चौसष्ट माणसं बघत होती. तो लाजला. नापास.

तिसऱ्या वेळी संयोगिताने माणूस बदलला. कारखान्याशेजारच्या रानात धुळाची मेंढरं खतासाठी बसवलेली होती. धुळा आटपाडीकडचा, या डोंगरावरून त्या डोंगरावर हाळी देऊन बोलण्यात जन्म गेलेला. त्याची बोली पुण्याहून आणलेल्या केंद्रावरच्या बाईंना कळेना, आणि ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याची भाषा आली पाहिजे असं कलम होतं. म्हणून उसापलीकडे किलोमीटरभर लांबच्या खोलीत, केंद्र म्हणून, धुळाची बायको हरणाबाई बसली. शेजारी साहेब आणि दुभाषा.

गाडीत बसल्यावर धुळाने एकच विचारलं, "किती लांब बोलायचं हाय, ताई?"

संयोगिता खोटं बोलत नाही. ती म्हणाली, आधी उपग्रहाकडे जातं. धुळाने एकदा वर बघितलं आणि त्या मानाने छाती भरली.

गाडी धडकली.

"हरणेऽ, मी गाडीत हाय गं. म्होरं भित हाय. आमी चौघं हाय. तिघं हालत न्हाईत, पर ती मघापासनंच हालत न्हाईत." (तिघं म्हणजे रबरी बाहुले.)

हरणाबाईने शब्द न शब्द साहेबांना सांगितला आणि वर विचारलं, "मेंढरं कुनाजवळ सोडली, इचारू का त्यास्नी?"

आवाज: शंभरपैकी शंभर. ठिकाण: बरोबर. माणसं: बरोबर. इतर परिणाम: उसातून सात रानडुकरं बाहेर, रस्त्यावरच्या दोन मोटारसायकली थांबल्या, आणि शेजारच्या वस्तीवरून अकरा बायका तांब्यात पाणी घेऊन पळत आल्या.

मग संयोगिताने यंत्र उघडलं. नाथाजी त्याची वायर जोडायची विसरला होता. फोन लागलाच नव्हता. तिने जाऊन साहेबांना सांगितलं. (लालासाहेब त्या वेळी शांत राहू शकले नाहीत.) साहेबांनी दोनशे बारा पानं पुन्हा वाचली. आवाज ठरल्या वेळेत पोचला पाहिजे असं लिहिलं होतं. कशातून पोचावा, हे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी सही केली. छापील अट एकच: चाचणीत जी गाडी, तंतोतंत तीच विक्रीत.

म्हणून सुट्या भागांच्या यादीत तीनशे सतराव्या क्रमांकावर चढलं: धुळा, नग एक. वजन बावन्न किलो. वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था: भाकरी व कांदा. उणे वीस अंशांत चालण्यासाठी: घोंगडं. देखभाल: तंबाखू, दिवसातून चारदा.

चाळीस गाड्यांना चाळीस नग हवे होते. लालासाहेब स्वतः रानात जाऊन धुळापुढे मांडी घालून बसले. धुळाने तंबाखू मळली. मग म्हणाला, "सायेब, मी गेल्याव मेंढरं कुनाचं ऐकत्याली?"

हरणाबाई चुलीपुढून म्हणाली, "माजं ऐकत्यात की. तुमचं कवा ऐकत हुती?"

विषय संपला. जत, आटपाडी आणि माणदेश धुंडाळून आणखी एकोणचाळीस आवाज निवडले. येरळेच्या एका काठावर उभं करून दुसऱ्या काठावरचा म्हातारा जागा झाला की पास. सगळे पट्टा लावून बोटीवर चढले. चौसष्ट कामगारांची दिवाळी झाली आणि दिवाळीनंतरचा सोमवारही.

तिकडून अहवाल आला आहे. यंत्राचा फोन उचलला जाण्याआधीच मदत पोचते, कारण हाळी ऐकून लोक घराबाहेर येतात. शेजारी कोण राहतं, हे काहींना त्या निमित्ताने प्रथमच कळलं. हा दुष्परिणाम समजावा की कसं, यासाठी त्यांनी समिती नेमली आहे.

आपल्याकडे विकायच्या गाड्यांत यंत्रही नाही आणि धुळाही नाही. तसा नियम नाही, आणि गरजही नाही. आपल्याकडे माणसं मुळातच रस्त्यावर असतात.

गेल्या महिन्यात भर दुपारी इस्लामपूर रस्त्यावर नाथाजीला गाडीने उडवलं. सव्वीस माणसं जमली. चोवीस फोन बाहेर निघाले. अठरा मिनिटं सगळे अगदी शांत होते, कारण बोललं की व्हिडिओत आवाज येतो. नाथाजी वाचला, पाय मात्र अठरा मिनिटांनी आखूड झाला.

तो व्हिडिओ चांगला निघाला आहे. तुम्ही शेवटपर्यंत पाहिलात, हात जोडलेले पाठवलेत आणि पुढच्या ग्रुपवर टाकलात. ॲम्ब्युलन्सला कुणी फोन केला होता का, हे तुम्हीही विचारलं नाहीत.