समितीपुढे आजोबांचा घसा

आईने सकाळीच जाहीर केलं की दुपारी तीन वाजल्यापासून कोणीही, कोणत्याही कारणासाठी, अगदी घराला आग लागली तरी तिच्याशी बोलायचं नाही.

"आग लागली तर काय करायचं मग?" बाबांनी विचारलं.

"विझवायची," आई म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

आईच्या कामाबद्दल घरात सगळ्यांना आदर होता, माहिती मात्र कोणालाच नव्हती. अपवाद फक्त नववीतल्या लेकीचा, कारण तिला शाळेत कोणी ना कोणी विचारायचंच. ती सांगायची, "कॉम्प्युटरला दोन-चार कॅमेरे जोडले की कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र कुठे जाणार, हे कोणीतरी ठरवायला लागतं ना? ते ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. आणि तिने ते कसं ठरवायचं, ते माझी आई ठरवते." हे ऐकून वर्गात लगेच कोणीतरी दुसऱ्याच कोणाच्या आईबद्दल विचारायचं.

दोन वर्षं आई चित्रांच्या या वाटा आखत होती आणि त्यांचे नियम लिहीत होती. आज समिती ते नियम मंजूर करणार होती किंवा नाही करणार. नाही केले तर दोन वर्षांची मेहनत केराच्या टोपलीत आणि शेजारच्या गटाची योजना डोक्यावर.

समितीत पाच जण होते. त्यातल्या चौघांची आईला भीती नव्हती. पाचव्याला ऑफिसात शंकासुर म्हणत. त्याची शंका तीन बैठका जुनी होती: "समजा, एखाद्याला विचारायचं असेल, की बाबा रे, आत्ता कुठलं चित्र कुठे जातंय, तर ते विचारायची सोय कुठंय?"

"ज्याने वाट आखली त्याला माहीत असतंच की," आई तिन्ही वेळा म्हणाली होती. शिवाय तिने या वेळी सगळ्यांना आधीच कळवलं होतं की आपलं पूर्ण बोलून होईपर्यंत मध्ये कोणीही तोंड उघडू नये. शंकासुराला तिने हेच वेगळं, पुन्हा एकदा कळवलं.

त्याच दुपारी तीन वाजता आजोबांची डॉक्टरांशी व्हिडिओवर भेट ठरली होती. आठवडाभर त्यांचा घसा दुखत होता. बाबा म्हणाले, "मी माझ्या फोनवरून दाखवतो त्यांना. सोपं आहे."

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की बाबांनी फोन खिशात घातला.

"घरात एक कॉम्प्युटर, दोन कॅमेरे, दोन वाटा. हेच तर मी दोन वर्षं करतेय! माझ्याच घरात ते चाललं नाही तर समितीने का मंजूर करावं?"

मग आईने एक कॅमेरा आपल्या टेबलावर, खाली तोंड करून टांगला, कारण ती आकृत्या हाताने कागदावर काढूनच समजावते. दुसऱ्याची लांबलचक वायर दारातून नेऊन तो शेजारच्या खोलीत आजोबांच्या खुर्चीसमोर ठेवला. कॉम्प्युटरच्या मागे वायरी खोचायला दोन पोर्ट होते. आईने यंत्राला सांगितलं, डाव्या पोर्टातलं चित्र समितीला, उजव्या पोर्टातलं डॉक्टरांना. आवाजाचं खातं ऑफिसात वेगळं असल्यामुळे आवाजाला तिने हातही लावला नाही. आईच्या कानावर हेडफोन आणि आजोबांच्या कानाला साधा फोन. सगळं दोनदा तपासून ती जेवायला गेली.

इथे बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. बाबा बुकबाइंडर. सुटी पानं, लोंबते दोरे आणि गुंतलेल्या गोष्टी त्यांना बघवत नाहीत. आईच्या टेबलामागे दोन वायरी एकमेकींवरून आडव्या गेलेल्या त्यांना दिसल्या. डावीकडून आलेली उजव्या पोर्टात, उजवीकडून आलेली डाव्या पोर्टात. बायकोच्या आयुष्यातला एवढा महत्त्वाचा दिवस आणि मागे हा गुंता! त्यांनी दोन्ही वायरी काढल्या, डावी डावीकडे लावली, उजवी उजवीकडे, बाइंडिंगच्या पांढऱ्या दोऱ्याने नीट बांधल्या आणि वर छोटीशी गाठ मारली. मग लांबून बघून म्हणाले, "आता कसं!"

तीन वाजले.

"नमस्कार," आई म्हणाली. तिच्यासमोर पडद्यावर फक्त तिच्या नियमांचं डॉक्युमेंट उघडं होतं. "आकृती सगळ्यांना स्पष्ट दिसतेय ना?"

समितीच्या पाचही पडद्यांवर आजोबांनी नुकताच आ वासला होता. त्यांचा घसा, पडजीभ आणि मागची सोन्याची दाढ अत्यंत स्पष्ट दिसत होती.

"दिसतंय," समितीच्या प्रमुख बाई बारीक आवाजात म्हणाल्या. मध्ये बोलायचं नाही, हे त्यांच्या लक्षात होतं.

"बाहेरून येणारं सगळं आधी या एकाच दारातून आत येतं," आई कागदावर पेन टेकवत म्हणाली. "मग आत फाटे फुटतात. मागे मध्यभागी तो लोंबता भाग दिसतोय बघा, तो जुन्या रचनेतला आहे. त्याचा आता काही उपयोग नाही. पुढच्या महिन्यात आपण तो छाटतोय."

समितीतला एक जण नकळत स्वतःचा गळा चाचपू लागला.

तिकडे डॉक्टरांना वाटांच्या रेघा आणि लाल फुल्या काढलेला एक कागद दिसत होता. त्यांना नवल वाटलं नाही. मागे गुडघा दुखत होता तेव्हाही आजोबांनी गुडघ्याचं चित्र काढून पाठवलं होतं, बाणांसकट.

"म्हणजे ही वरून खाली जाणारी मुख्य वाट," डॉक्टर फोनवर म्हणाले. "ती बंद वाटतेय तुम्हाला?"

"आऽऽ," आजोबा म्हणाले. डॉक्टर सांगेपर्यंत तोंड मिटायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"आणि शेजारच्या दोन? त्याही?"

"आऽऽऽ!"

आईने त्याच क्षणी उरलेल्या वाटेवरही लाल फुली मारली.

"ही पण?" डॉक्टरांचा आवाज बदलला. "आजोबा, सगळ्याच वाटा बंद असतील तर प्रकरण साधं नाही. तुम्हाला मोठ्या दवाखान्यात न्यायला लागेल. घरात कोणी आहे का? बोलवा त्यांना."

आजोबांनी सावकाश तोंड मिटलं. फोन मांडीवर ठेवला. चष्मा काढून पुसला. मग बाबांना हाक मारली.

"बस इथे," ते म्हणाले. "माझ्या सगळ्या वाटा बंद झाल्यात."

"असं काय बोलता अण्णा?"

"मी नाही, डॉक्टर बोलतात. ऐक. रेडिओ तुला. माझी खिडकीतली खुर्ची नातीला. फार दिवस डोळा आहे तिचा त्या खुर्चीवर. आणि तुला लहानपणी बाइंडिंगची सुई लागली होती ना, तेव्हा मी रागावलो होतो. रागावायला नको होतं."

बाबांनी आजोबांचे दोन्ही हात धरले. नुसती मान हलवत राहिले.

समितीने हे सगळं पाहिलं. ऐकलं मात्र आईला, कारण आवाजाचं खातं वेगळं.

"नवीन मांडणी आली," आई शांतपणे सांगत होती, "की जुन्या वाटा आपोआप बंद होतात. त्यांना निरोप वगैरे द्यावा लागत नाही. यंत्रणा त्यांची आठवणसुद्धा ठेवत नाही. हाच या रचनेचा मोठेपणा आहे."

आजोबांनी बाबांच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. प्रमुख बाईंनी रुमाल काढला. शंकासुर आयुष्यात पहिल्यांदाच शंका विसरून बसला होता.

लेक शाळेतून आली ती नेमकी या वेळी. बूट काढायच्या आतच आजोबा म्हणाले, "ये बाळ. खुर्ची तुझी."

तिने दोघांचे चेहरे पाहिले आणि दप्तर तसंच खाली टाकलं. "काय झालंय? कोणीतरी नीट सांगा!"

बाबांनी फोनकडे बोट दाखवलं. तिने तो उचलला. "डॉक्टरकाका, आजोबांना काय झालंय? तुम्हाला घशात काय दिसलं?"

"घशात? घसा कुठे दाखवला त्यांनी? चित्र दाखवतायत मघापासून. आत्ता तर त्यावर लाल पेनने काहीतरी लिहितायत."

लेकीने आजोबांच्या हातांकडे पाहिलं. ते बाबांच्या डोक्यावर होते. लाल पेन घरात एकाच माणसाकडे असतं.

फोन आजोबांच्या हातात देऊन ती आईच्या खोलीत शिरली. आईने डोळे वटारले. लेक सरळ टेबलामागे जाऊन बसली. दोन सरळ, सुबक बांधलेल्या वायरी आणि वर पांढऱ्या दोऱ्याची गाठ बघून तिला पुढचं काही कोणी सांगायची गरज उरली नाही. तिने दाताने गाठ तोडली, वायरी काढल्या आणि उलटसुलट करून पुन्हा लावल्या.

शेजारच्या खोलीत आजोबांच्या फोनवर डॉक्टर बोलले. "आजोबा, आता दिसताय! आ करा. हं. अहो, घसा थोडा लाल आहे फक्त. कोमट पाण्याच्या गुळण्या करा, दोन दिवसांत बरं वाटेल."

आणि आईच्या हेडफोनमध्ये पाच आवाज एकदम उठले.

"अहो, हे काय? बंद का केलंत?"

"कसली आकृती ही? मघाचं लावा!"

"मध्ये बोलायचं नाही असं ठरलं होतं," आई गोंधळून म्हणाली.

"मला एक शंका आहे," शंकासुर म्हणाला. "आजोबा बरे आहेत ना?"

आईने मागे वळून पाहिलं. लेकीच्या हातात पांढरा दोरा होता आणि दारात बाबा डोळे पुसत उभे होते. आईला सगळं एकदम कळलं नाही, पण पुरेसं कळलं.

"दुसरी शंका," शंकासुर हळूच म्हणाला. "आम्हाला काय दिसतंय, हे तुम्हाला माहीत होतं?"

वाटा आईनेच आखल्या होत्या. दोनदा तपासल्या होत्या.

"नाही," आई म्हणाली. मग समितीलाही वाचता येणाऱ्या त्या नियमांच्या डॉक्युमेंटमध्ये तिने अगदी सुरुवातीला, सगळ्यांसमोर एक ओळ टाइप केली: कुठलं चित्र आत्ता कुठे जात आहे, हे कोणालाही, केव्हाही विचारता येईल.

शंकासुराने तीनदा वाचली. "मंजूर," तो म्हणाला. बाकीच्या चौघांनी त्याचं तोंड एवढं थोडक्यात मिटलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनीही लगेच मंजूर केलं.

संध्याकाळी गुळण्या करून आजोबा बाहेर आले, तर खिडकीतल्या खुर्चीत लेक पाय वर घेऊन वाचत बसली होती.

"ऊठ," आजोबा म्हणाले.

"का? तुम्हीच दिलीत मला. ऑफिसातल्या पाच जणांनी पाहिलंय."

आजोबांनी थोडा विचार केला. घसा साफ केला. आता तो खरंच साफ होता.

"पाहिलंय ना? पण ऐकलंय का कोणी?"

लेकीने आईकडे पाहिलं. आईने पान उलटलं आणि वर न बघताच म्हणाली, "माझ्याकडे नको बघूस. आवाजाचं खातं वेगळं आहे."

लेक उठली.